मदत हवी आहे: पाचवीच्या पोरांनी दुसरीच्यांना शिकवायचं, कसं जमवावं?

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या जि.प. शाळेवर आहे, पहिली ते पाचवी अन् आम्ही दोघंच शिक्षक. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळं तिसऱ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. म्हणून परिपाठ झाला की २० मिनिटं पाचवीच्या एकेकाकडं दुसरीचं एकेक पोरगं वाचनाला द्यावं म्हणतो.

पण करून पाहिलं तर हुशार पोट्टे धीरच धरत नाहीत, लहान्याच्या आधी स्वतःच शब्द वाचून मोकळे, लहानगं नुसती मुंडी हलवते. उलट पाचवीतली जी स्वतः अडखळत वाचतात तीच जास्त समजून घेतात असं मला वाटते, अन् त्यांचंही वाचन सुधरेल, पण पालक म्हणतात पोरगं शिकायला पाठवलं का मास्तरकी करायला? (त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा.) त्यात कापूस वेचणी सुरू झाली की मोठी पोरं गैरहजर, जोडी मोडते.

कोणी केलंय का असं? जोडीऐवजी तिघाचौघांचा गट बरा का? मोठ्यांना आधी नेमकं काय शिकवायचं? अन् पालकसभेत हे कसं मांडलं ते पण सांगा.