कोदोच्या ढोलवादनाला ‘प्राचीन’ म्हणणं थांबवा की राव

नादखुळा :
काल एका मित्राने कोदो या जपानी ढोलवादकांच्या गटाचा व्हिडिओ पाठवला. खाली ओळ : ‘जपानची हजारो वर्षांची परंपरा’. माझं डोकं तिथेच फिरलं. ढोल जुना आहे, त्यावर वाद नाही. पण दहा-पंधरा जणांनी मिळून लहानमोठे तायको (जपानी ढोल) रंगमंचावर वाजवायचे, ही कल्पना १९५१ची. नागानो भागातला ओगुची दाइहाची हा मूळचा जॅझ ड्रमर. देवळातल्या ढोलाचं एक जुनं टिपण त्याच्याकडे आलं. एकट्याने वाजवायला ते त्याला फारच सपक वाटलं. मग ड्रमसेटमध्ये एकच माणूस जे करतो, ते त्याने अनेकांत वाटून दिलं : कुणाकडे बारीक ठेका, कुणाकडे जाड. यालाच कुमी-दाइको म्हणतात. कोदो त्याहून धाकटं. पहिला प्रयोग १९८१ साली, तोही बर्लिनमध्ये!

आणि गंमत बघा. कोदो राहतं सादो बेटावर. सादोचं स्वतःचं ओंदेको आहे, राक्षसाचा मुखवटा घालून गावोगावच्या देवळांपुढे ढोलावर नाचतात ते. पण कोदोचे गाजलेले तुकडे बहुतेक दुसरीकडचे. माझं म्हणणं एवढंच की कोदो थोर आहे ते नवं आहे म्हणून. ‘प्राचीन’ची चिठ्ठी लावली की यांनी गाळलेला घाम आजोबा-पणजोबांच्या खात्यावर जमा होतो.

उंबरठा :
असहमत. मांडणी आणि ठेका यांची तुम्ही गल्लत करताय. कोदो वाजवतं ते ‘यताई-बायाशी’च घ्या. ते चिचिबु शहरातल्या ३ डिसेंबरच्या रात्रीच्या जत्रेतलं, रथ ओढताना वाजतं. ‘मियाके’ हे मियाके बेटावरच्या कामित्सुकी गावचं, मिकोशी म्हणजे देवाची पालखी निघते तेव्हाचं. ही गावं कोदोच्या कितीतरी आधीपासून वाजवतायत. मग परंपरा नाही कशी?

नादखुळा :
गावांची आहे, कोदोची नाही. चिचिबुत वादक रथाच्या पोटात, कोंदट जागेत बसलेले असतात. बाहेरच्या गर्दीला ते दिसतच नाहीत, नुसता आवाज येतो. कोदोने त्यांना उजेडात आणलं, उघड्या अंगाने मागे झुकवलं, पोटाचे स्नायू थरथरताना दाखवले. ठेक्याचा उगम तोच, पण तिकडे वादक लपलेला आणि इकडे वादकच देव!

पाचवा माळा :
मग सरळ ‘उचलेगिरी’ म्हणा की. हे सगळं भिजत घोंगडं कशाला?

उंबरठा :
@पाचवा माळा, इतकं सोपं नाही हो. मियाकेचं वादन गावच्याच त्सुमुरा आकिओ यांनी कोदोच्या लोकांना शिकवलं, आणि पुढे ते स्वतः मुलांना घेऊन बाहेरच्यांनाही शिकवू लागले. सप्टेंबर २०००मध्ये ज्वालामुखीमुळे अख्खं बेट रिकामं करावं लागलं, लोक परतले ते २००५मध्ये. साडेचार वर्षं गावच नव्हतं, तरी वादन जगभर वाजत होतं. यात कोदोचा वाटा मोठा आहे. खटकतं ते वेगळंच : परदेशात शिकणारे ‘कोदोचं मियाके’ म्हणतात. गावाचं नाव आहे, पण ते गाव आहे हेच कुणाला ठाऊक नसतं.

ढोलपथक_२०१२ :
आमच्या पथकातपण डिट्टो हेच. जुने लोक म्हणतात की ताशाची…

नादखुळा :
दादा, हात जोडतो. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथे सुरू झालं की सादो राहील बाजूला.

करवंद :
वर कुणी कोदोच्या शिष्यगटाबद्दल बोललंच नाही. दोन वर्षं एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहायचं, टीव्ही-मोबाईल बंद, पहाटे धावणं, भातशेती, टिपऱ्या स्वतः तासायच्या. एवढं करून निवड होईलच असं नाही. याला मी तरी परंपराच म्हणेन. पन्नास वर्षांची असली म्हणून काय झालं?

पाचवा माळा :
मला तर पलटण वाटते. याआधीचा त्यांचा गट ‘ओंदेकोझा’. त्यांनी १९७५मध्ये बोस्टनची मॅरेथॉन पळून लगेच ढोल वाजवला होता. कौतुक आहे, पण हे संगीत की सर्कस? बांदो तामासाबुरो २०१२ ते २०१६ कलादिग्दर्शक होते, तेव्हा जरा वेगळं काही झालं. काबुकी या जपानी नाट्यप्रकारात स्त्रीभूमिका करणारा माणूस, त्याला नुसत्या दंडाच्या बेटकुळ्या पुरणार नव्हत्या. आमच्या ओळखीतले जुने चाहते मात्र तेव्हा नाक मुरडत होते.

करवंद :
सर्कस? सुमारे ४०० किलोच्या ओ-दाइको या अजस्र ढोलापुढे, प्रेक्षकांकडे पाठ करून पाच मिनिटं वाजवून बघा, मग बोलू.

हलगी :
उशिरा आलो, सगळं वाचलं. जॅझ आला, रथ आला, स्नायू आले. कातडं नाही आलं.

तायकोचं कातडं कमावणारे, खोड पोखरून ढोल घडवणारे लोक बरेचसे बुराकु वस्त्यांतले. मेलेल्या जनावराला हात लावतात म्हणून शतकानुशतकं दूर ठेवलेले. ढोल देवळात, घडवणारा वेशीबाहेर. हे वाक्य आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. ओसाकातल्या नानिवा भागात अशीच वस्ती आहे. तिथल्या तरुणांनी १९८७ साली स्वतःचा गट काढला. नाव ठेवलं ‘इकारी’, म्हणजे संताप. पिढ्यान्‌पिढ्या ढोल बनवला, वाजवला दुसऱ्यांनी, आता आम्हीच वाजवू, असा हिशोब.

नादखुळा, तुम्ही ‘प्राचीन’ काढून ‘नवं’ लावताय. पण दोन्ही चिठ्ठ्यांवर नाव वाजवणाऱ्याचंच.

नादखुळा :
इकारी माहीत नव्हतं. आत्ता शोधून ऐकतोय.

‘नवं’ मात्र मी सोडणार नाही. इकारीसुद्धा कुमी-दाइकोच वाजवतात ना? ओगुचीने ढोल देवळाबाहेर काढला नसता, तर नानिवाच्या पोरांना तो वाजवायला कुठे मिळाला असता?

हलगी :
देवळाबाहेर काढला म्हणताय. तो आधी त्यांच्याच घरात होता, सुकत घातलेला.