मदत हवी आहे: शाळेतल्या पवनचक्कीसाठी कोणती मोटर?

सातवीच्या कार्यशाळेसाठी छोटी पवनचक्की बनवतोय. खेळण्यातली ३ व्होल्टची डीसी मोटर जनित्र म्हणून लावली तर टेबलफॅनसमोर पाती फिरतात, पण एलईडी पेटत नाही. लाल एलईडीलाही साधारण १.८ व्होल्ट लागतात (पांढऱ्याला जवळपास ३, तो नकोच) आणि तेवढ्यासाठी ही मोटर मिनिटाला हजारो फेरे मागते.

जुन्या प्रिंटरची स्टेपर मोटर (छोट्या छोट्या टप्प्यांनी फिरणारी) कमी फेऱ्यांतही पुरेसा व्होल्टेज देते. प्रवाह उलटसुलट येतो, म्हणून एका कॉइलवर दोन एलईडी एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जोडायचे. अडचण वेगळीच आहे: आतल्या चुंबकांच्या ओढीमुळे ती हलक्या वाऱ्यात सुरूच होत नाही. पीव्हीसी पाइपची तीन पाती आहेत, व्यास ३० सेंटिमीटर. व्यास वाढवू की पाती सहा करू? पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) अशा वापरलेल्या मोटरी १५ नग मिळतील का? बॅटरी लपवून दिवा लावायचा नाहीये, मुलांनी तो वाऱ्यावरच पेटवायला हवा.