जाळ्यात अडकलेल्या समुद्री कासवाचं पालकत्व घ्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी नऊ वर्षांची भाची आणि मी मिळून एका समुद्री कासवाच्या उपचारांचा खर्च उचलायचं म्हणतोय. कासव 'ग्रीन' जातीचं आहे. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यात सापडलं. दोरा वल्ह्यासारख्या पुढच्या डाव्या पायाभोवती इतका आवळला होता की रक्त पोहोचणंच बंद झालं आणि पाय खांद्यापासून काढावा लागला. सध्या ते एका पुनर्वसन केंद्रातल्या टाकीत आहे. केंद्राने पाठवलेला फोटो बघून भाचीने साठवलेले सगळे पैसे माझ्यापुढे आणून ठेवले. उरलेले मी घालणार आहे.

आता अडचण. अर्जात बारीक अक्षरात लिहिलंय की हे दत्तक घेणं 'प्रतीकात्मक' आहे, म्हणजे पैसे सगळ्या कासवांच्या एकत्र निधीत जाणार. भाचीला वाटतंय की तिच्या पैशांतून तिच्याच कासवाचं औषध येणार. तिची फसवणूक होऊ नये एवढंच मला हवंय. केंद्र खरं काम करतंय की नुसती प्रमाणपत्रं वाटतंय, हे कसं ओळखायचं?

दुसरं म्हणजे ती रोज विचारते, "मावशी, तीन पायांवर ते समुद्रात जगेल का?" मला खरं उत्तर द्यायचंय.

आणि ते वाचलं नाही तर? हे तिला पैसे भरण्याआधी सांगावं की नंतर?

प्रतिसाद १

अशाच एका केंद्रात मी तीन वर्षं स्वयंसेवक होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकत्र निधीला घाबरू नका. खर्चाचा मोठा वाटा पाण्याचाच असतो. पंप, गाळणी, तापमान राखणं हे चोवीस तास चालतं आणि ते कासवागणिक वाटता येत नाही. शिवाय एकाच्या पोटात गळ असतो, त्याला शस्त्रक्रिया लागते. दुसरं थोड्या विश्रांतीने बरं होतं. तुमच्या भाचीला सांगा, तिचे पैसे टाकीत जातात आणि तिचं कासव त्याच टाकीत आहे. ही फसवणूक नाही.

पुढचा एक पाय गेलेली कासवं समुद्रात परत सोडली जातात. पोहण्याचा जोर पुढच्या दोन पायांचा आणि मागचे दिशा सांभाळतात, त्यामुळे सुरुवातीला ते एका बाजूला वळत राहील. मग हळूहळू जमतं. सोडण्याआधी डॉक्टर बघतात की ते तळाशी जाऊन बसतं का, अन्न स्वतः पकडतं का, श्वासाला वर येताना कलतं का. सगळ्यात कठीण गोष्ट तरंगण्याची. आतड्यात प्लास्टिक अडकून वायू साठला, किंवा बोटीच्या धक्क्याने फुप्फुस फाटून हवा शरीराच्या पोकळीत शिरली, की कासवाला बुडीच मारता येत नाही. अशांच्या पाठीवर वजनं चिकटवतात. फ्लोरिडातल्या मॅरेथॉन शहरातलं टर्टल हॉस्पिटल १९८६पासून चालू आहे. तिथे अशी काही कासवं कायमची राहतात. तुमच्या कासवाचा एक्स-रे झालाय का, ते आधी विचारा. मऊ प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही, पण गळ आणि साठलेला वायू दिसतो. अंगावर गाठी आहेत का तेही विचारा. ग्रीन कासवांमध्ये विषाणूशी संबंधित गाठींचा आजार बराच आढळतो आणि त्यांना वेगळं ठेवावं लागतं.

घाई मात्र करू नका. थंड रक्ताच्या प्राण्याची जखम सावकाश भरते. काही महिने सहज जातात, कधी वर्षही.

केंद्र पारखायचं तर तीन प्रश्न पुरे: सरकारी परवाना आहे का, डॉक्टर कोण, आणि गेल्या वर्षी किती कासवं दगावली. तिसऱ्याचं सरळ उत्तर देणाऱ्यांवर मी विश्वास ठेवतो. कासवाला हात लावू देणारे, सोबत फोटो काढू देणारे असतील तर पैसे देऊ नका. भाचीला काचेपलीकडूनच बघावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवा.

प्रतिसाद २

ताई, आधीच सांगा. आमच्या मुलाचं कासव पाच आठवड्यांनी न्यूमोनियाने गेलं. आम्ही त्याला काहीच सांगितलं नव्हतं. मरण्याचं दुःख त्याने पचवलं, पण "तुम्हाला माहीत होतं?" हा प्रश्न तो अजून विचारतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज केंद्राला फोन केला. परवान्याची प्रत पाठवतो म्हणाले. एक्स-रे झालाय, गळ नाही, गाठीही नाहीत. दगावलेल्यांचा आकडा न अडखळता सांगितला, कारणांसकट. हात लावता येणार नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

संध्याकाळी भाचीला सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते गेलं तर आपले पैसे टाकीतल्या दुसऱ्याला लागतील ना?" उद्या अर्ज भरतोय.

एकच राहिलं: वर्षाचे पैसे एकदम भरावेत की दर महिन्याला? केंद्राला काय सोयीचं पडतं?