समुद्र नाही, पण माळ आहे

मालवणच्या सागरी अभयारण्यातल्या एका राखणदाराच्या दिवसाबद्दल इथे कुणीतरी लिहिलेलं वाचलं. एकटेपणा, गोडं पाणी लांबून आणणं, कुणी चोरून जाळं टाकतंय का यावर डोळा. आमच्या सोलापुरात समुद्र नाही, पण नान्नजला माळढोक या मोठ्या पक्ष्याचं अभयारण्य आहे, १९७९ सालचं. वडील तिथे रोजंदारीवर होते, म्हणून लिहितोय.

पावसाळा सरून गवत वाळलं की जाळरेषा काढायच्या. म्हणजे पट्ट्यातलं गवत कापून आपणच जाळून टाकायचं, पुढे वणवा लागलाच तर तिथे अडतो. वारा फिरला की हातात फक्त ओल्या फांद्यांचा झोडपा. उन्हाळ्यात पाणवठे भरायचे. पहाटे काठावरच्या चिखलात काळविटांच्या खुरांचे ठसे दिसत, वडील बोट ठेवून दाखवायचे, हे मोठं, हे पाडस. संध्याकाळी त्यांच्या पायजम्यात रुतलेली कुसळं आई एकेक करून उपटायची.

माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. मेंढरांचा कळप किंवा एक मोकाट कुत्रं गेलं की संपलं. त्यामुळे मेंढपाळांना समजावणं हेच खरं मोठं काम, आणि ते भांडून होत नाही. वडील त्यांच्यासोबत बसून चहा प्यायचे.

आता माळढोक दिसेनासाच झालाय, फार जीव तुटतो. लांडगे, चंडोल आहेत अजून.

मालवणच्या त्या दादांना पगार आहे की रोजंदारीच, तेवढं सांगाल का?