केस फॉर्म्युलेशनमध्ये अनेक सिद्धांत एकत्र कसे आणावेत?

प्रश्न:
मी मानसोपचारशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून लिहिते. रुग्ण ४४ वर्षांचे शिक्षक असून पाच महिन्यांपासून त्यांना पहाटे तीनला जाग येते, अन्न नकोसे झाले आहे आणि आपल्यामुळेच वडील गेले, ही समजूत काही केल्या हलत नाही. आईलाही दोनदा असाच आजार झाला होता. केस फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे आजार का झाला आणि का टिकतो याच्या मांडणीत, मी आनुवंशिकता, बेक यांची विचारपद्धती (विचारांच्या चुकीच्या सवयी नैराश्य टिकवतात) आणि बोल्बी यांचा भावबंधाचा सिद्धांत (लहानपणीच्या जवळच्या नात्यांचा पुढे होणारा परिणाम) असे सारे लिहिले. सरांनी एवढेच विचारले, "यातले कोणते वाक्य खोडले तर उपचार बदलेल?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर १:
ही अडचण जुनीच आहे. अमेरिकी डॉक्टर एंगेल यांनी १९७७ मध्ये आजाराकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही बाजूंनी पाहणारी जैव-मनो-सामाजिक दृष्टी मांडली, परंतु समोरच्या रुग्णात कशाला किती वजन द्यावे, हे तिच्यातून ठरत नाही. त्यामुळे आपण तिन्ही रकाने भरतो आणि काम झाले असे मानतो. मला जर्मन मनोविकारतज्ज्ञ यास्पर्स यांचा १९१३ मधला भेद अधिक उपयोगी वाटतो: काही गोष्टींचे कारण शोधायचे असते, तर काहींचा अर्थ लावायचा असतो. पहाटेची जाग, गेलेली भूक आणि आईचा आजार हे पहिल्या बाजूचे. अपराधीपण नेमके वडिलांभोवतीच का फिरते, हे दुसऱ्या बाजूचे. अर्थ लागला म्हणजे कारण सापडले, असे मात्र नव्हे.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, पण क्रमही महत्त्वाचा आहे. समजूत भ्रमाइतकी पक्की असेल, तर आज तिच्याशी वाद घालून हाती काही लागणार नाही. आत्महत्येच्या विचारांची थेट चौकशी आणि औषधोपचार आधी, बेक यांच्या पद्धतीने विचारांवर काम नंतर. बोल्बींबद्दल एकच विचारतो: लहानपणाविषयी आपण रुग्णाला काही विचारले होते का, की शोक दिसला म्हणून सिद्धांत आला?

प्रश्नकर्तीचे उत्तर:
विचारले नव्हते, हे मान्य करते. आत्महत्येच्या विचारांची चौकशी पहिल्याच दिवशी झाली आहे. काल पत्नीशी पुन्हा बोलले. वडील गेले त्या दिवशी हे निवडणुकीच्या कामावर होते आणि फोन बंद होता. वडिलांचे सात मिस्ड कॉल त्यांनी अजून पुसलेले नाहीत. पहाटे जाग आली की तीच यादी उघडून बसतात. आजार टिकवणाऱ्या घटकांत हे आता पहिले लिहिले आहे. बोल्बी तूर्त खोडले.