मदत हवी आहे : पन्ह्याचा स्लश घरच्या मिक्सरवर कसा जमवायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी मुलं शाळेच्या सुट्टीमुळे घरातच असतात आणि रोज काहीतरी गारेगार हवं असतं. बाहेरचा बर्फ कोणत्या पाण्याचा असतो कळत नाही, म्हणून सगळं घरीच करायचं ठरवलंय.

कैरी उकडून, गर काढून, गूळ, वेलची, जिरेपूड आणि काळं मीठ घालून पन्हं केलं. माझा मिक्सर ५०० वॉटचा आहे. बर्फाचे खडे घातले की अर्धे पात्याखाली अडकतात, उरलेले वितळतात आणि पन्हं पाणचट होतं. मग पाणी कमी घालून पन्हंच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. हे पुष्कळ बरं जमलं, चव अजिबात पातळ झाली नाही. गोड जास्त असलेले खडे मऊसर राहिले आणि पटकन फिरले. साखर किंवा गुळामुळे पाणी गोठायला जास्त थंडी लागते, म्हणून असं होत असावं. पण सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी गूळ न घालता केलेले खडे दगडासारखे झाले, मिक्सर तापून बंद पडला.

तर बिनगोडाचं पन्हं किंवा कोकम भुरभुरीत कसं ठेवता येईल? गोठताना मधूनमधून काट्याने खरवडलं तर चालेल का, आणि किती वेळाने? कलिंगडाच्या फोडी गोठवून कोणी वाटल्या आहेत का? कृपया स्वतः करून पाहिलेलं प्रमाण सांगा.