मदत हवी आहे: मामा जेलमधून सुटलाय, घरात प्रत्येक गोष्टीला परवानगी मागतो

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा प्लीज. माझा मामा जवळजवळ वीस वर्षांची शिक्षा भोगून सुटलाय, सध्या आमच्याकडेच आहे. गुन्हा काय होता ते इथे काढत नाही, तो विषय कोर्टात संपला. आम्हाला वाटलं होतं चिडचिड करेल, कोणाशी बोलणार नाही, पण हा इतका आज्ञाधारक की भीतीच वाटते. बाथरूमला जाऊ का विचारतो. दार नुसतं लोटलेलं असलं तरी समोर उभा राहतो, कोणीतरी उघडेल म्हणून. साबण आणायला पाठवला तर रिकाम्या हाताने परत, म्हणे एवढे प्रकार, कुठला घेऊ कळेना. आणि आई त्याचं सगळं स्वतःच करते, कपडे काढून ठेवते, बँकेत जाते, फोन पण तीच लावून देते. प्रेमापोटीच, पण असं किती दिवस चालणार? एकदम मोकळं सोडलं तर गांगरतो, सांगत राहिलो तर सुधारणा शून्य. कोणाला अनुभव आहे का? (‘वेळ द्या’ हे सगळ्यांनी सांगून झालंय.)

प्रतिसाद १:
मी सुटून आलेल्या लोकांबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करते. डोनाल्ड क्लेमर या समाजशास्त्रज्ञाने १९४० मध्येच मांडलं होतं की कैदी हळूहळू तुरुंगाच्या रीतीत मुरत जातो. तिथे आपल्या मनाने हललं की ओरडा बसतो, म्हणून आधी विचारून घेणं हेच त्याला सुरक्षित वाटतं. ‘जाऊ का’ला ‘हो जा’ म्हणू नका, तीही परवानगीच झाली. ‘तुझं तू ठरव’ पण नको, त्याची परीक्षा होते. दोनच पर्याय द्या, दोन्ही चालतील असे, आणि तो निवडेपर्यंत गप्प बसा. नको तो साबण आणला तर घरात सगळ्यांनी तोच वापरा.

प्रतिसाद २:
वरचं पटलं, पण आधी कागदपत्रं बघा, ओळखपत्र नसेल तर पुढचं सगळं अडतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत (कैद्यांना कसं वागवावं याचे नियम) आहे की सुटणाऱ्याला ओळखीची कागदपत्रं, राहायची-कामाची सोय, ऋतूप्रमाणे कपडे मिळावेत आणि सुटकेनंतरचा विचार शिक्षेच्या सुरुवातीपासूनच व्हावा. कागदावर छानच आहे म्हणा. अर्ज मात्र त्यालाच भरू द्या, तुम्ही नुसते शेजारी बसा. आणि नाजूक प्रश्न, नशेची सवय होती का? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये आला, त्यात पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सामान्य लोकांच्या जवळजवळ १३ पट निघाला, ओव्हरडोस सगळ्यात पुढे. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो.

धागाकर्ता:
नाही, नशा नव्हती. साबणाचं आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, उद्या जेवायचंच नाही ठरवलं तर? अजून एक, मामा तिथे सुतारकाम शिकलाय, हात खरंच चांगला आहे, पण काम मागायला गेलं की मधली वर्षं कुठे होतास हे येतंच. खरं सांगायचं का?

प्रतिसाद १:
हो, आणि मामानेच सांगायचं, तुम्ही नाही. शिक्षा झाली होती, पूर्ण केली, तिथे हे काम शिकलो, एवढंच, आणि लगेच हाताने बनवलेलं काहीतरी पुढे ठेवायचं. लपवून मिळालेल्या कामात रोजची धाकधूक, आणि कळलं की काम जातंच. सुरुवातीला नकार येतील, तेव्हा आईंनी मध्ये पडून त्याच्या वतीने फोन करू नयेत. जेवणाचं म्हणाल तर ताट कुठे, भांडी कुठे ते एकदा दाखवून ठेवा, भूक लागली की घेईल वाढून.